वाघ्यानंतर कोण?

पावसाळ्यात आमचा वाघ्या फुरसं चावून गेला. आता वीरला आमच्या अंगणात नवं पिल्लू आलंय. सासूबाई म्हणाल्या, नाव वाघ्याच ठेवा. आपल्या महाड तालुक्यात वाघ्ये पुष्कळ. रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ वाघ्याचं स्मारकच आहे ना! त्याच्या कथेवर इतिहासकारांचा वाद आहे, नाव मात्र टिकलं. पण वाघ्या म्हणून हाक मारली की आमची पोरं रडायची. ते इवलंसं पिल्लू घाबरून चुलीमागे जायचं. म्हणून आम्ही जावांनी मोती ठरवलं. छोटं नाव, शेताच्या बांधावरूनही ऐकू जातं. 3 महिन्यांचा झाला की रेबीजची लस टोचायची. कार्डावर मोतीच लिहायचं. सासूबाई अजून वाघ्याच म्हणतात. तो दोन्ही हाकांना येतो.