मुंज नाकारलेलं लेकरू
(दिंडीच्या शतकमहोत्सवी सप्ताहातील प्रवचन)



 धानाचं काम घरच्यांवर सोडून पंढरीला निघणाऱ्या वाडवडिलांनी ही दिंडी आपल्या हाती दिली. तिला शंभर वर्षं झाली. आज आम्ही प्रेम आणि धर्म याबद्दल दोन शब्द बोलणार आहोत.

तुम्ही चांद्याला महाकालीच्या यात्रेला जाता. तिथं गोंडराजा बीरशहाची समाधी आहे. राणी हिराईनं ती नवऱ्यासाठी बांधली. राणीचं प्रेम लोकांना मान्य होतं, म्हणून त्याला दगडाची एवढी मोठी इमारत लाभली. पण ज्या प्रेमाला घर मान्यता देत नाही, त्याचं काय होते? ते पुण्याच्या पेशव्यांच्या घरी पाहा.

1729 साली बुंदेलखंडचा राजा छत्रसाल संकटात सापडला. बाजीराव पेशवे मदतीला धावले. त्यानंतर छत्रसालाची लेक मस्तानी पुण्याला आली. तिची आई मुसलमान होती असं सांगतात. छत्रसाल प्रणामी पंथाचा, म्हणजे कृष्णाला भजणारा. पण पुण्यात कोणी हे इचारलं नाही, की ही बाई कोणाला भजते? एवढंच इचारलं, की कोणाच्या पोटची?

1734 साली तिला मुलगा झाला. बापानं नाव ठेवलं कृष्णराव. बापाच्या मनात होतं, याची मुंज करावी. पुण्याचे ब्राह्मण नाही म्हणाले, घरचेही नाही म्हणाले. दिल्लीपर्यंत ज्याचा दरारा, त्या बाजीरावाला आपल्या लेकराच्या गळ्यात एक सुताचा दोरा घालता आला नाही. कृष्णराव मंग समशेर बहादूर म्हणूनच वाढला. पुढं बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनी मस्तानीला कैदेत टाकलं. 28 एप्रिल 1740 ला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीरावांनी देह ठेवला. त्याच साली मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे.

आता बापाहो, इथं नीट लक्ष द्या. मागं उरलं सहा वर्षांचं पोरकं लेकरू. त्याला कोणी सांभाळलं? काशीबाईंनी. बाजीरावांच्या लग्नाच्या बायकोनं. जिला सवतीचा राग धरायचा सगळ्यात जास्त हक्क होता, तिनंच पदर पुढं केला. शास्त्र कोणी जाणलं? पोथीवाल्यांनी की काशीबाईंनी?

ते पोर मोठं झालं आणि 1761 साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढलं. जखमा घेऊन भरतपूरच्या जाटांच्या मुलखात पोचलं आणि तिथंच गेलं. वय सत्तावीसच्या आसपास. ज्यांनी त्याला आपलं म्हटलं नाही, त्यांच्याच झेंड्यासाठी गेलं. मुंज नाकारणाऱ्यांची नावं आज कोणाला पाठ आहेत?

ही गोष्ट वारकऱ्यांच्या सप्ताहात काहून सांगून राहिले, असं कोणाच्या मनात येईल. तर माउलींचं चरित्र आठवा. विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेनं घरी आले, संसार केला, चार लेकरं झाली. आळंदीनं त्या लेकरांचीही मुंज नाकारली. आईबापांनी देह टाकला तरी दार उघडलं नाही. आपली सारी वारी ज्यांच्या पालखीमागं चालते, ते ज्ञानोबाच मुंज नाकारलेलं लेकरू आहेत! दुसऱ्याच्या लेकराला जन्माचा दोष लावणाऱ्यानं आळंदीला जाऊन काय पाहिलं?

आपल्या संप्रदायात श्रीगोंद्याचे शेख महंमद संत झाले. चोखोबांना जिवंतपणी देवळात घेतलं नाही, तरी त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि नामदेवांची पायरी तिथंच. 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा पांडुरंगाचं दार सगळ्यांना मोकळं झालं. देवाला सगळे चालत होते. कुलूप माणसांनी लावलं होतं.

ते कुलूप अजून आपल्या गावात आहे. पोरगी दुसऱ्या जातीत, दुसऱ्या धर्मात गेली, की बाप म्हणतो, मेली आम्हाला. गळ्यात तुळशीची माळ, आणि नातवाचं तोंड पाहत नाही! आमच्याच भागातल्या एका गावात काल्याच्या पंगतीतून असं एक पोट्टं उठवताना आम्ही पाहिलं. पत्रावळीवरचा घास तसाच राहिला. गोपाळांच्या शिदोऱ्या कृष्णानं एकत्र केल्या, त्याला काला म्हणतात. त्यातूनच एकाला उठवलं, तर उरलं ते नुसतं जेवण.

वारीत आपण लहानमोठा न पाहता एकमेकांच्या पाया पडतो, प्रत्येकाला माउली म्हणतो. तेवढंच घरी आल्यावर केलं तरी पुरे. म्हणून दुसरी शंभरी सुरू होताना दिंडीच्या पंचांपुढं आमचं एकच मागणं आहे. कोणी कोणाशी लग्न केलं, कोणाच्या पोटी जन्मला, हे आपल्या दिंडीत इचारू नये. येईल त्याच्या हाती टाळ द्यावा, कपाळी बुक्का लावावा, पंगतीत बसवावं. आणि ज्या घरानं लेकीला दार लावलं असेल, त्या घरी आधी विणेकऱ्यानं जावं. समजूत घालावी. एकदा नाही ऐकलं तर पुन्हा जावं.

मायबहिणींना वेगळं सांगायची गरज नाही. काशीबाई तुमच्यातलीच होती.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!