डाव्या-उजव्या अंगातील फरक : वेळीच ओळखण्याची गरज

(ग्रामीण भागातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एकाच व्याधीला मराठीत दोन नावे आहेत : पक्षाघात आणि अर्धांगवायू. ‘पक्ष’ म्हणजे बाजू आणि ‘अर्धांग’ म्हणजे अर्धे शरीर. खेड्यापाड्यांत याच व्याधीविषयी ‘डाव्या अंगावरून वारे गेले’ असे म्हटले जाते. शब्द निरनिराळे असले तरी त्या सर्वांत एकच निरीक्षण साठविलेले आहे. हे दुखणे बहुधा शरीराच्या एका बाजूवर येते आणि ते ध्यानात येते ते दुसऱ्या, शाबूत बाजूशी तुलना झाल्यामुळे.

वैद्यकाची साधने आज पुष्कळ पुढे गेली आहेत. तथापि मज्जासंस्थेची तपासणी करणारे डॉक्टर आजही आरंभ या तुलनेनेच करतात. उजव्या हाताची पकड आजमावली की लगेच डाव्या हाताची; एका तळपायाला स्पर्श केला की त्याच जागी दुसऱ्या तळपायाला. शेतमजुराची पकड आणि कारकुनाची पकड यांची तुलना करून काही हाती लागणार नाही, कारण प्रत्येकाची शक्ती वेगळी. परंतु एका माणसाचा एक हात हा त्याच्याच दुसऱ्या हाताचे माप ठरू शकतो. हे माप प्रत्येकाजवळ जन्मतः आहे आणि ते वापरण्यास पैसा लागत नाही. ते वापरले जात नाही, ही खरी अडचण आहे.

स्वाभाविक आणि अस्वाभाविक

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कधीच नसतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा थोडा बळकट असतो. मांडी घालून बराच वेळ बसल्यास पायाला मुंग्या येतात आणि पाय हलविला की काही क्षणांत त्या जातात. अशा फरकांची चिंता करण्याचे कारण नाही. जो फरक पूर्वी नव्हता आणि आता जाणवू लागला, जो एकाएकी उद्‌भवला, जो टिकून राहिला किंवा हळूहळू वाढत गेला, तो मात्र डॉक्टरांना दाखविलाच पाहिजे. असा फरक निर्माण करणाऱ्या दोन व्याधींचा येथे विशेष विचार करावयाचा आहे. एकीत तासांचा हिशेब असतो, दुसरीत महिन्यांचा.

पहिली व्याधी : पक्षाघात

शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार मेंदूचा डावा भाग पाहतो आणि डाव्या बाजूचा कारभार उजवा भाग. हालचालीचे आदेश नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी, मानेच्या किंचित वर, एकमेकांना ओलांडून पलीकडच्या बाजूस जातात. त्यामुळे मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला की विरुद्ध बाजूचा हात, पाय व चेहरा यांची शक्ती किंवा संवेदना कमी होते. भाषेचे केंद्र बहुतेक लोकांत मेंदूच्या डाव्या भागात असल्याने उजवे अंग लुळे पडलेल्या रुग्णाची वाचाही पुष्कळदा जाते.

या घटनेचा वाऱ्याशी काही संबंध नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सी. टी. स्कॅन करून रक्तस्राव झालेला नाही याची खात्री करावी लागते, कारण रक्तस्राव असताना हेच औषध घातक ठरेल. म्हणजे रुग्णाला नुसते रुग्णालयात नेणे पुरेसे नाही. जेथे स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात नेले पाहिजे.

ओळखण्याची रीत सोपी आहे. रुग्णाला हसावयास सांगावे. ओठांचा एक कोपरा खाली ओघळतो का ते पाहावे. डोळे मिटून दोन्ही हात समोर, तळवे वर करून दहा सेकंद धरावयास सांगावे. एक हात खाली येऊ लागतो का ते पाहावे. एखादे साधे वाक्य म्हणावयास सांगावे. शब्द अडखळतात का ते ऐकावे. या तिन्हींपैकी एक जरी लक्षण नव्याने दिसले तरी त्याच क्षणी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. रुग्णाच्या तोंडात पाणी, अन्न वा औषध घालू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते श्वासनलिकेत जाते.

लक्षणे काही मिनिटांत आपोआप नाहीशी झाली म्हणून संकट टळले, असे समजणे धोक्याचे आहे. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो. अंगाला तेल चोळण्यात, मांत्रिकाकडे जाण्यात किंवा पारव्याचे रक्त लावण्यात जो वेळ जातो, तो रुग्णाच्या हातापायांच्या शक्तीतून वजा होतो.

दुसरी व्याधी : कुष्ठरोग

पक्षाघात एकाएकी येतो; कुष्ठरोगाची चाल याच्या नेमकी उलट आहे. नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ साली शोधलेला त्याचा जंतू अतिशय संथपणे वाढतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही जातात. त्वचेप्रमाणेच हातापायांतील मज्जातंतूंत तो घर करतो. या रोगाचे कपट असे की, बहुधा तो प्रारंभी दुखत नाही. उलट दुखणे जाणण्याची शक्तीच काढून घेतो. त्वचेवर फिकट वा लालसर चट्टा येतो आणि त्या जागी स्पर्श कळत नाही. एका पायातील चप्पल निसटते आणि चालणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तव्याचा चटका एका हाताला लगेच कळतो, दुसऱ्या हाताला फोड आल्यावर डोळ्यांना दिसतो. बिडी बोटांपर्यंत जळत येते तरी हात झटकला जात नाही.

कोपराच्या आतल्या कडेला काही आपटले की हातात झिणझिण्या येतात, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. तेथून जाणारा मज्जातंतू या रोगात पुष्कळदा बाधित होतो. मग करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाची संवेदना जाते, पुढे शक्ती जाते आणि शेवटी बोटे वाकडी होतात. म्हणून आरोग्य कर्मचारी रुग्णाला डोळे मिटावयास सांगून बॉलपेनच्या टोकाने तळहाताला हलकाच स्पर्श करतो आणि स्पर्श कोठे झाला ते बोटाने दाखवावयास सांगतो. मग तो करंगळी बाहेरच्या बाजूस ताणावयास, अंगठा सरळ उभा करावयास, मनगट वर उचलावयास आणि टाच टेकवून पाऊल वर करावयास सांगतो. प्रत्येक वेळी हलका दाब देऊन दोन्ही बाजूंची शक्ती ताडून पाहतो.

मज्जातंतूची हानी सहा महिन्यांच्या आत ध्यानात आली, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या औषधाने गेलेली शक्ती पुष्कळदा परत येऊ शकते. त्यानंतर ती आशा मावळत जाते.

महाराष्ट्राला या रोगाशी दिलेल्या लढ्याची थोर परंपरा आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीच्या तपोवनात आणि बाबा आमटे यांनी त्यानंतर वरोऱ्याच्या आनंदवनात हे काम उभे केले. दत्तपूरचे काम सुरू झाले तेव्हा रोग बरा करणारे प्रभावी औषध नव्हते. आज ते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. हा उपचार सहा किंवा बारा महिन्यांचा असून शासकीय दवाखान्यांत विनामूल्य मिळतो. भारतात राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट डिसेंबर २००५ मध्ये साध्य झाले. तरीही जगात दरवर्षी नव्याने नोंदल्या जाणाऱ्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण भारतातील असतात. औषधाची उणीव नाही. उणीव आहे ती वेळीच ओळखण्याची आणि ओळखल्यावर न लपविण्याची.

तुलनेची मर्यादा

दोन बाजूंची तुलना हे उत्तम साधन असले तरी ते अपुरे पडते असे काही प्रसंग आहेत. जुन्या मधुमेहात दोन्ही तळपाय सारखेच बधिर होतात. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात दोन्ही हातांची संवेदना जवळजवळ बरोबरीने कमी होत जाते. अशा वेळी एक बाजू दुसरीची साक्ष देऊ शकत नाही. तेथे निरोगी माणसाच्या हाताशी तुलना करावी लागते. दोन्ही बाजू सारख्या आहेत एवढ्यावरून सारे ठीक आहे, असा निष्कर्ष काढता कामा नये. त्याचप्रमाणे फरक आढळला म्हणजे रोगाचे निदान झाले, असेही नव्हे. मान वा कंबरेच्या मणक्यातील दोषानेही एक हात किंवा एक पाय बधिर होतो. निदान हे डॉक्टरांचे काम आहे. ग्रामस्थांचे काम फरक हेरून त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचे.

गावाची जबाबदारी

स्वतःच्या शरीरातील हळूहळू होणारा बदल माणसाच्या अंगवळणी पडतो. डाव्या हाताला जमेनासे झाले की तो उजव्या हाताने काम भागवितो आणि आपण काही गमावले हे विसरतो. म्हणून पाहणारा दुसरा डोळा आवश्यक असतो. शाळेत हा डोळा शिक्षकाचा आहे. सदऱ्याची गुंडी लावताना अडखळणारा, एका पायाचे बोट घासत चालणारा किंवा अंगावर न खाजणारा चट्टा असलेला विद्यार्थी त्याच्याच दृष्टीस प्रथम पडतो. अशा मुलाला वर्गासमोर उभे न करता त्याच्या पालकांशी एकांतात बोलावे आणि त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

पंचायतीचे कामही तितकेच महत्त्वाचे आहे. ३० जानेवारीला सुरू होणाऱ्या ‘स्पर्श’ कुष्ठरोग जनजागृती अभियानात २०१७ पासून ग्रामसभा हे एक मुख्य व्यासपीठ ठरले आहे. त्या सभेत निवेदन वाचून दाखविण्याबरोबर दोन गोष्टी सहज करता येतील. हात समोर धरण्याची व स्पर्श ओळखण्याची रीत आशा स्वयंसेविकेकडून सर्वांसमक्ष करून दाखवावी. तसेच सी. टी. स्कॅनची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो आणि रात्री वाहन कोणाचे मिळेल, हे पंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. ज्या रात्री एखाद्या घरात हात उचलेनासा होईल, त्या रात्री ही चौकशी करण्यास कोणालाही सवड असणार नाही.