पदवीनंतरची उमेदवारी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या युवक-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



'उमेदवार' हा शब्द आज कानावर पडला की निवडणुकीची आठवण होते. दोन पिढ्यांपूर्वी आपल्या बाजारपेठांत या शब्दाला निराळा अर्थ होता. एखादा मुलगा पेढीवर नव्याने बसू लागला की तो 'उमेदवारी करतो आहे' असे म्हणत. उमेद म्हणजे आशा. पहिले काही महिने माल मोजणे, गाठोडी बांधणे आणि निरोप पोहोचवणे एवढेच काम त्याच्याकडे असे. पुढे रोजमेळ लिहिणे, त्यावरून खतावणी करणे आणि सर्वांत शेवटी गिऱ्हाइकाशी भाव बोलून उधारी वसूल करणे, असा क्रम ठरलेला असे. त्या मुलाला पगार किती, हे कोणी विचारत नसे. तो कोणाच्या हाताखाली शिकतो, हे मात्र सर्वजण आवर्जून विचारत.

आज परिस्थिती पालटली आहे. समाजातील मुले-मुली पदवीधर होत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु पदवीचा कागद हाती आल्यावर पहिल्याच मुलाखतीत प्रश्न येतो, 'अनुभव किती?' अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अशा फेऱ्यात उमेदीची दोन-तीन वर्षे निघून जातात. या फेऱ्यातून बाहेर पडण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. ते फारसे वापरले जात नाहीत, याचे एक मोठे कारण आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पनांत दडलेले आहे.

मुलगा सनदी लेखापालाचा अभ्यासक्रम करीत असला की घरात त्याचे कौतुक होते. त्या अभ्यासक्रमात आर्टिकलशिप अनिवार्य आहे. पूर्वी ती 3 वर्षांची होती, 2023 च्या नव्या योजनेपासून ती 2 वर्षांची झाली. त्या काळात मिळणारे विद्यावेतन अल्प असते, कामाचे तास दीर्घ असतात, तरीही कोणी त्यास कमीपणा मानीत नाही. मात्र तोच मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जाऊ लागला, की 'इंजिनिअर होऊन शिकाऊच का?' असा प्रश्न घरातूनच विचारला जातो. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. जाणत्याच्या हाताखाली, ठराविक मुदतीत, प्रत्यक्ष काम करून विद्या आत्मसात करायची. एकाला मान द्यायचा आणि दुसऱ्याला हिणवायचे, हा न्याय नव्हे.

पदवीनंतरच्या या उमेदवारीची मुख्यतः तीन रूपे आढळतात.

पहिले रूप मोठ्या उद्योगांच्या पदवीधर प्रशिक्षण कार्यक्रमांचे. 'ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी', 'मॅनेजमेंट ट्रेनी' ही नावे आता परिचयाची आहेत. यात उमेदवाराला वेतन मिळते, वेगवेगळ्या विभागांत फिरवून काम शिकवले जाते आणि मुदतीअखेरीस कामगिरी पाहून नेमणूक दिली जाते. टाटा उद्योगसमूहाने 1956 मध्ये सुरू केलेली 'टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस' हे या पद्धतीचे आपल्या देशातील जुने उदाहरण होय. अनेक सार्वजनिक उपक्रम 'गेट' परीक्षेच्या गुणांवर अभियंता प्रशिक्षणार्थी निवडतात. येथे स्पर्धा तीव्र असते, म्हणून तयारी अंतिम वर्षाच्या आधीच सुरू व्हावी लागते.

दुसरे रूप शिकाऊ उमेदवारीचे. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 मध्ये संमत झाला. आरंभी तो मुख्यतः कारागिरीच्या व्यवसायांपुरता होता. 1973 च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवी व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले आणि 2014 च्या दुरुस्तीने कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही हे दार उघडले. आपली बी.कॉम. झालेली मुलगीही शिकाऊ उमेदवार होऊ शकते, हे अजून कित्येक घरांत ठाऊक नाही. 2019 च्या नियमांत पदवीधरासाठी दरमहा किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरले. ते वाढवावे अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने 2025 मध्ये केली, म्हणून करारावर सही करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला दर पाहून घ्यावा. पश्चिम विभागासाठी शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ मुंबईत आहे. पदवीधर व पदविकाधारकांच्या राष्ट्रीय योजनेत प्रशिक्षण पूर्ण केल्यावर मंडळाकडून प्रमाणपत्र मिळते.

तिसरे रूप शासनाच्या अलीकडील योजनांचे. महाराष्ट्र शासनाने जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत 6 महिन्यांचे प्रशिक्षण आणि बारावी उत्तीर्णांस 6,000, आयटीआय वा पदविकाधारकांस 8,000 व पदवीधरांस 10,000 रुपये दरमहा, अशी रचना होती. केंद्राच्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेचा प्रायोगिक टप्पा 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाला. मोठ्या कंपन्यांत 12 महिने, दरमहा 5,000 रुपये आणि एकदाच 6,000 रुपये, असे त्याचे स्वरूप होते. अशा योजनांच्या वयोमर्यादा व अटी टप्प्याटप्प्याने बदलतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर विसंबू नये.

या मार्गाचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. राज्याच्या योजनेतील प्रशिक्षणाची मुदत 2025 मध्ये 5 महिन्यांनी वाढवली गेली. तरीही मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न प्रशिक्षणार्थींपुढे उभा राहिला आणि कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलने झाली. 1961 च्या अधिनियमानुसारही शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. करारात तसे नमूद नसेल तर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. उमेदवारी हे नोकरीचे आश्वासन नव्हे, हे पहिल्या दिवशीच मनाशी पक्के असावे. वर्षअखेरीस हाती काय उरणार, हे त्या वर्षात काय शिकलो यावरच ठरते.

म्हणून तरुणांनी काही गोष्टी डोळसपणे पाहाव्यात. लेखी करार झाला आहे काय आणि त्याची शासनाकडे नोंदणी झाली आहे काय? काय शिकवले जाणार, कोण शिकवणार, हे स्पष्ट आहे काय? विद्यावेतन बँक खात्यात जमा होते काय? कंपनीच्या प्रशिक्षण कार्यक्रमात बंधपत्र असेल, तर मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शिकाऊ उमेदवारी वा इंटर्नशिप मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर तेथून तत्काळ परत फिरावे. उमेदवारीत विद्यावेतन उमेदवाराला मिळते, उमेदवाराने ते कोणाला द्यायचे नसते. काम सुरू झाल्यावर रोज काय केले याची चार ओळींची नोंदवही ठेवावी. पुढच्या मुलाखतीत 'अनुभव किती?' या प्रश्नाला त्याच वहीतून उत्तर मिळेल.

या सभागृहात अनेक व्यापारी व लघुउद्योजक बसले आहेत. त्यांच्यासाठीही एक शब्द. 2019 च्या नियमांनुसार 30 वा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने त्या संख्येच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि 4 ते 29 मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेस ते ऐच्छिक आहे. म्हणजे ज्यांच्याकडे दहा-बारा माणसे आहेत तेही नोंदणी करून उमेदवार घेऊ शकतात, आणि विद्यावेतनाचा काही वाटा केंद्र शासनाच्या योजनांतून उचलला जातो. परंतु उमेदवार म्हणजे स्वस्तात मिळालेला हरकाम्या नव्हे. वर्षभर त्याच्याकडून केवळ पार्सले बांधून घेतली तर कायद्याचा हेतू पराभूत होतोच, शिवाय एका तरुणाचे वर्ष वाया जाते. जुन्या पेढीवर निरोप्याचे काम करणारा मुलगा वर्षभरात रोजमेळापर्यंत पोहोचत असे. आजच्या मालकाने स्वतःला तोच प्रश्न विचारावा. आपल्याकडे आलेला मुलगा कोठपर्यंत पोहोचला?

कष्ट आणि शिक्षण यांची सांगड आपल्या मातीला नवीन नाही. कुंभोज येथे 1887 मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. पुढे किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत ते गावोगाव हिंडले. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' ही योजना हजारो गरीब मुलांच्या शिक्षणाचा आधार ठरली. हाताने काम केल्याने विद्यार्थी लहान होत नाही, हे त्यांनी बोलून नव्हे, करून दाखवले.

कर्मवीरांच्या चरित्रात बोर्डिंगचा उल्लेख येतो, तो आज विशेष महत्त्वाचा आहे. 1899 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेसारख्या संस्थांनी आणि अनेक दानशूरांनी वसतिगृहे उभारली, म्हणून खेड्यातील मुले शहरात शिकू शकली. आज प्रश्न पुन्हा निवाऱ्यापाशीच येऊन थांबला आहे. लहान गावातील पदवीधराला पुण्यात वा मुंबईत शिकाऊ उमेदवारी मिळते, परंतु तुटपुंज्या विद्यावेतनात खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवास भागत नाही. वसतिगृहाच्या दारी जावे, तर महाविद्यालयाचा प्रवेश दाखला मागितला जातो, आणि त्याच्याकडे असतो केवळ उमेदवारीचा करार. तो नोकरदार नाही आणि नियमानुसार विद्यार्थीही नाही. परिणामी तो संधी नाकारून गावी परततो. मुलींच्या बाबतीत तर सुरक्षित निवास नसेल, तर विषय घरातच संपतो.

शिष्यवृत्त्या पदवीपर्यंत साथ देतात. पदवी आणि पहिला पगार यांमधले वर्ष मात्र निराधार राहते, आणि नेमक्या त्याच वर्षात आयुष्याची दिशा ठरते. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विश्वस्त मंडळाने तीन गोष्टींचा विचार करावा, ही नम्र सूचना आहे. समाजाच्या वसतिगृहांत उमेदवारीचा नोंदणीकृत करार हा प्रवेश दाखल्यासमान मानावा आणि काही जागा अशा मुला-मुलींसाठी राखाव्यात. शिष्यवृत्तीच्या नियमांत पदवीनंतरचे एक वर्ष समाविष्ट करावे. आणि दरवर्षी उमेदवार घेण्यास तयार असलेल्या समाजातील व्यापारी-उद्योजकांची यादी कार्यालयात लावावी, तीत तेथे काय शिकायला मिळेल हेही लिहावे.

पालकांनी करायचे काम याहून सोपे आहे. पुढच्या वेळी शेजारच्या मुलाने वा मुलीने कोठेतरी शिकाऊ म्हणून रुजू झाल्याचे सांगितले, तर 'मिळतात किती?' हा प्रश्न क्षणभर मागे ठेवावा आणि जुन्या बाजारपेठेतला प्रश्न विचारावा, 'कोणाच्या हाताखाली शिकतोस?' एवढ्याने त्या तरुणाची मान ताठ होईल, आणि उमेदवारी या शब्दातली उमेद त्याला परत मिळेल.