‘ल्यूसिड’ म्हणजे नुसते सोपे नव्हे

श्रोतेहो, इंग्रजी शिकविणाऱ्या आपल्या गुरुजींना ‘ल्यूसिड’ हा शब्द फार प्रिय. निबंध बरा वाटला की शेरा ‘ल्यूसिड’, आणि मुलाने अर्थ विचारला की उत्तर ठरलेले: ‘सोपे’. हे उत्तर अपुरे आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘लुक्स’ म्हणजे उजेड. ‘बाबा घरी आले’ हे वाक्य सोपे आहे खरे, पण त्याला कोणी ल्यूसिड म्हणत नाही. विषय अवघड असावा, चक्रवाढ व्याज घ्या किंवा ग्रहणाचे कारण घ्या, आणि तो असा मांडावा की ऐकणाऱ्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडावा. तिथे हा शब्द शोभतो. आपल्याकडे मम्मटाने याला प्रसाद गुण म्हटले आणि त्याला कोरड्या लाकडातला अग्नी व स्वच्छ पाणी यांच्या उपमा दिल्या. त्यावरून ‘प्रासादिक’. पण तो मान आपण संतवाणीला देतो. खताच्या माहितीपत्रकाला प्रासादिक म्हटले तर लोक हसतील! तिथे ‘सुबोध’ म्हणावे, नाहीतर आपला घरचा ‘नितळ’.

नितळ हा शब्द पाण्याचा, बरं का. गढूळ पाण्याच्या माठाला आतून निवळीची बी घासतात, गाळ खाली बसतो, पाणी निवळते. मनातल्या विचाराचा गाळ असा बसू दिला, की मगच वाक्य नितळ उतरते.

मात्र एक सांभाळा. सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्याहून खाली दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात गेले, की खारपाणपट्टा लागतो. तिथल्या विहिरीचे पाणी दिसायला नितळ असले तरी तोंडात घेतल्यावर खारट लागते. विरघळलेला क्षार डोळ्यांना दिसत नाही आणि निवळीने जातही नाही. बोलण्याचेही तसेच. लबाड माणूससुद्धा ल्यूसिड बोलू शकतो. हा शब्द मांडणीची ग्वाही देतो, खरेपणाची देत नाही.

आता कोर्टातला उपयोग. एरवी भ्रमिष्ट असलेल्या माणसाचे चित्त मध्येच ठिकाणावर येते, त्या काळाला ‘ल्यूसिड इंटरव्हल’ म्हणतात. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे अशा शुद्धीच्या काळात त्याला मृत्युपत्र करता येते. १८७२ च्या करार कायद्याने करारही करता येतो. पोरांच्या वाटणीची जमीन कधीकधी याच एका मुद्द्यावर अडते. गुरुजी, गावातला एखादा तसला कागद तुमच्याकडे वाचायला आला, तर तिथे ‘सोपा काळ’ सांगू नका, ‘शुद्धीचा काळ’ सांगा.