लागण उसाची आणि लागण रोगाची



'लागण' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. 'औंदा आडसाली लागण केली' म्हटलं की ऊस लावला, असा अर्थ होतो. 'उसाला काणीची लागण झाली' म्हटलं की रोग जडला, असा होतो. पहिली लागण आपण करतो, दुसरी आपोआप होते, असं वाटतं. पण पुष्कळदा दोन्ही लागणी एकाच दिवशी, आपल्याच हातून होतात. कारण काणी आणि गवताळ वाढ हे रोग मुख्यतः बेण्यातून येतात.

एक शेतकरी मला म्हणाले, "साहेब, बेणं तर हिरवंगार होतं, मग काणी आली कुठून?" इथंच आपण फसतो. लागण म्हणजे रोगजंतूंनी झाडाच्या आत शिरून वाढू लागणं. लक्षण दिसतं नंतर. म्हणून बेणं नुसतं डोळ्यांनी पारखून भागत नाही, ते कोणत्या प्लॉटातलं आहे हे विचारावं.

लक्षणं ओळखा. शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघाला, तर ती चाबूक काणी. त्यावरची काळी भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. ते वाऱ्यानं पसरतात. बुडातून गवतासारखे बारीक, पांढरट-पिवळे असंख्य फुटवे आले, तर ती गवताळ वाढ. अशा बेटात गाळपाजोगा ऊस तयार होत नाही.

आता उपाय ऐका :

1. बेणं खास बेणेमळ्यातलं, 9 ते 11 महिने वयाचं घ्यावं. खोडव्याचं बेणं वापरू नये. दर 3 वर्षांनी बेणं बदलावं.

2. मूलभूत बेण्याला 54 अंश सेल्सिअसला अडीच तास उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया केलेली असते. त्यापासून वाढवलेलं बेणं मिळवावं. नुसत्या बुरशीनाशकात बुडवून गवताळ वाढ जात नाही, कारण तिचे जंतू कांडीच्या आत असतात आणि ते बुरशीचे नव्हेत.

3. काणीच्या पट्ट्यावर आधी पोतं किंवा पिशवी अलगद चढवावी, मगच तो कापावा. नंतर सबंध बेट मुळासकट खणून जाळावं. गवताळ वाढीची बेटंही उपटून नष्ट करावीत.

4. रोग जास्त असेल, तर खोडवा ठेवू नये.

शेजारच्या फडातलं बेणं स्वस्त पडतं खरं, पण त्यातून रोग आला तर लागणीचं पीक जातं आणि खोडवाही हातचा जातो. तेव्हा कोयता लावण्याआधी बेण्याच्या प्लॉटात एक फेरी मारा. उसाची लागण करा, रोगाची होऊ देऊ नका.