पपईचे वैरी आणि फवाऱ्याचा मोह

२००८ साली कोइमतूरच्या परिसरात पपईच्या झाडांवर पांढऱ्या पिठाचा थर दिसू लागला. पाने मुडपली, फळे चिकट झाली, त्या चिकट्यावर काळी बुरशी चढली. हा पिठ्या ढेकूण, मूळचा मेक्सिकोकडचा. बागाईतदाराने सवयीप्रमाणे पंप खांद्यावर घेतला. परंतु या किडीच्या अंगावर मेणाचे आवरण असते आणि तिची अंडी कापसासारख्या पिशवीत दडलेली असतात. विष तिच्यापर्यंत पुरते पोहोचेना. तिला खाणारे मित्रकीटक मात्र त्याला बळी पडत. तुतीच्या मळ्यात तर पंचाईत आणखी मोठी! फवारलेला पाला खाऊन रेशमाचे किडेच मरावयाचे.

मायदेशी ही कीड इतकी का माजत नाही, याचा शोध घेता तिचे स्वाभाविक शत्रू सापडले होते. २०१० साली पोर्टो रिकोहून अशा तीन जातींचे परोपजीवी कीटक बंगळूरला आणले गेले आणि पारखून तामिळनाडूत सोडण्यात आले. हा कीटक चिलटाएवढाही नसतो. मादी ढेकणाच्या अंगात अंडे घालते. अळी त्याला आतून खाते आणि मागे कोरडे कवच उरते. काही महिन्यांतच प्रादुर्भाव ओसरू लागला. अट एकच होती : फवारणी थांबवावयास हवी. बाग पांढरी पडत असता हात आवरून धरणे सोपे नसते.

विषाणूची गोष्ट निराळी. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतील पपईवाल्याला ढेकणाहून अधिक धास्ती असते ती याची. पाने आकसतात, फळांवर वलये उमटतात, आणि त्यावर इलाज नाही. रोग पसरवतो मावा. पण तो पपईवर वस्ती करून राहत नाही. येता-जाता पानात सोंड खुपसून चव घेतो आणि उडून जातो. त्या क्षणभरात रोग दिला जातो. औषधाने मावा मरेलही, परंतु काम उरकून! म्हणून येथे पहिला पैसा रोपवाटिकेवर खर्च व्हावा : जाळीखाली वाढलेली रोपे, बागेभोवती मक्याच्या दाट ओळी, आणि काकडी-भोपळ्याचे वेल दूर.

पाणी साचून बुंधा कुजतो. त्यासाठी लागवडीपूर्वीच चर काढावेत. फवाऱ्याला खरी जागा आहे ती उन्हाळ्यात, लाल कोळी वाढल्यावर. तीही पानाची खालची बाजू उलटून पाहिल्यावर आणि तोडणीपर्यंतचे दिवस मोजून.

सर्वांत कठीण काम बिनखर्चाचे आहे : पहिले रोगट झाड दिसताच उपटून टाकणे. त्यावर फळे लटकत असतात, त्यांचा भाव डोळ्यांपुढे असतो. शिवाय एकाने उपटले आणि बांधापलीकडच्याने राखले, तर मावा बांध ओलांडून येतोच. त्यामुळे फवारणीची तारीख ठरवण्याआधी दोन्ही बागाईतदारांना एकदा बांधावर बसून बोलावे लागते.