ॲल्युमिनियम आणि आपली मुले



आंबोली घाट चढून चंदगडच्या सड्यांवर गेलो, म्हणजे पायांखाली तांबडा दगड लागतो. त्यातच बॉक्साइट सापडते. बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना ही पांढरी भुकटी काढतात. सुमारे ४ टन बॉक्साइटमधून २ टन भुकटी, आणि तीतून विजेच्या बळावर १ टन ॲल्युमिनियम, असा हा हिशेब आहे.

खाणीस मजूर लागतात, कारखान्यास रसायनज्ञ. पण खिडक्या, दारे, बसगाड्यांचे सांगाडे बनविणारा कारागीर गावोगाव हवा असतो. हे काम सोपे नव्हे. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो. त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा मात्र २००० अंशांपलीकडे. तो घासून काढणे आणि आरगॉन वायूच्या आच्छादनाखाली धातू सांधणे शिकल्याशिवाय येत नाही. उतावळा हात पत्र्याला भोक पाडतो.

चितारआळीच्या लाकडी खेळण्यांनी नाव मिळविलेल्या सावंतवाडीस हाताची किंमत आम्ही काय सांगावी? मुंबईची गाडी धरण्यापूर्वी मुलाने आयटीआयमध्ये फिटर वा वेल्डरचे शिक्षण घ्यावे. कसब अंगी असेल, तर मुंबईत मान आहे आणि गावातही भाकरी आहे. आईबापांनी तेवढे हातकामाला हिणवू नये, हेच आमचे मागणे.